‘परत’ म्हणायला पायही लागतात!

‘परत ये’ आणि ‘परत सांग’. शब्द एकच, पण कामं दोन. पहिल्यात मागे फिरणं, दुसऱ्यात पुन्हा करणं. आपण रोज बोलतो, लक्षात मात्र येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, घानातल्या अकान भाषेबद्दल वाचेपर्यंत.

तिथला ‘सान’ अगदी आपल्या ‘परत’सारखा वागतो. ‘सान ब्रा’ म्हणजे परत ये, ‘सान का’ म्हणजे परत सांग. फरक एवढाच, की ‘सान’ हे क्रियापद आहे. आधी फिरायचं, मग पुढचं काम. मागे मान वळवलेल्या पक्ष्याचं ‘सान्कोफा’ हे चिन्ह टी-शर्टवर, टॅटूत पाहिलं असेल ना? सान म्हणजे फिर, को म्हणजे जा, फा म्हणजे घे. विसरलेलं मागे जाऊन आणण्यात काही वावगं नाही, अशी त्यामागची म्हण आहे.

तेच तेच करण्यासाठी अकानमध्ये दुसरीही सोय आहे. ‘बु’ म्हणजे मोडणं. पुन्हा पुन्हा मोडलं, तुकडे तुकडे केले, की ‘बुबु’. क्रियापद जागच्या जागी डबल! त्यात कुठे जावं लागत नाही.

माझं म्हणणं असं, की आपण ‘बुबु’वालेच जास्त आहोत. दर 27 फेब्रुवारीला मराठीचं स्टेटस टाकतो. पुढच्या वर्षी तेच, फक्त फोटो नवा. मीही टाकलंय. आणि त्याच काळात, वर्गात हसतील म्हणून, घरची अहिराणी सोडली. आजी फोनवर अहिराणीत विचारायची, मी ‘शुद्ध’ मराठीत उत्तर द्यायचे. तीन वर्षं! हळूहळू आजीचे प्रश्नच कमी झाले.

घानात केप कोस्टच्या किल्ल्यातून गुलामांना जहाजांवर नेलं जायचं. त्या दाराला ‘न परतीचं दार’ म्हणतात. आज त्याच दाराच्या समुद्राकडच्या बाजूला ‘परतीचं दार’ अशी पाटी आहे. त्यांना तर जबरदस्तीने नेलं होतं. आपण आपल्या पायांनी बाहेर पडलो, मग परत जायला लाज कसली?

गेल्या रविवारी आजीला फोन केला आणि अहिराणीत बोलले. दोन वाक्यांत चारदा अडखळले. आजी जाम हसली. मग म्हणाली, परत सांग.