शाळकरी नायिकेचे भय कशाला?

मुलीच्या हाती स्तोत्रसंग्रह दिसला की घरातील वडीलधारी मंडळी संतुष्ट होतात. तिच्याच वयाच्या एखाद्या हट्टी, हसऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलीची कादंबरी दिसली, की मात्र ‘हे वाचून काय मिळणार?’ असा सवाल ठरलेला. देवस्थानांच्या वाचनालयांतही अशा पुस्तकांकडे अनेकजण संशयाने पाहतात. ह्या संशयाचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप मर्यादेचा. अशा नायिका मुलींना उद्धट करतात, असे म्हणतात. आक्षेपकांनी क्षणभर उज्जयिनीकडे पाहावे. आपल्याच समाजातील रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी १८ व्या शतकात तेथील महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, तेव्हा ती नगरी आपणांस परकी नाही. तेथील भैरवगढात काळभैरवास मद्याचा नैवेद्य दाखवितात. तो आपण हात जोडून पाहतो आणि त्याने धर्म बुडाला असे कोणी म्हणत नाही. मग कादंबरीतील एका मुलीच्या खोडकर उत्तराने तो कसा बुडेल?

त्याच अवंतीची राजकन्या मित्रविंदा. तिचे मन श्रीकृष्णावर होते. विंद व अनुविंद ह्या भावांनी तिला अडविले, असे भागवताचा दशम स्कंध सांगतो. रुक्मिणीने तर स्वतःच ब्राह्मणाहाती निरोप धाडला. सप्ताहात ह्या कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. मनाचा निश्चय असलेली मुलगी पुराणात पूज्य आणि कादंबरीत उद्धट, हा न्याय कोणता?

त्याच नगरीत सांदीपनींचा आश्रम होता. कृष्ण-सुदामा सर्पणासाठी रानात गेले आणि वादळात रात्रभर अडकले, ही आपली किती गोड शाळेची गोष्ट! परंतु ती मुलग्यांची. मुलींनी आपली गोष्ट कोठे शोधावी?

दुसरा आक्षेप असा, की हे सारे परक्यांचे अनुकरण. वस्तुतः पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ साली निघाली आणि १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. तीत यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. त्यानंतरची आपली प्रगती पाहा. मिलिंद बोकील ह्यांची ‘शाळा’ (२००४) ही खरोखर उत्तम कादंबरी. पण ती मुकुंद सांगतो. कामाक्षीच्या शिरोड्याची आठवण देणाऱ्या शिरोडकर ह्या आडनावानेच वाचक तिच्या नायिकेस ओळखतात. ती आपणांस दिसते ती त्याच्याच डोळ्यांनी. मग शाळकरी मुली शांताबाई शेळके ह्यांनी मराठीत आणलेल्या ‘चौघीजणी’कडे वळल्या, तर दोष कोणाचा? मूळ पुस्तक १८६८ सालचे, अमेरिकेतील. तरी त्यातील ज्यो आपल्या घरात सहज रमते. ती तापट आहे, धांदरट आहे, लिहिण्याचे तिला वेड आहे. आणि वडील आजारी पडताच आईच्या प्रवासास पैसे हवेत म्हणून आपले केस विकणारीही तीच आहे. ह्यात उद्धटपणा कोणास दिसतो?

तिसरा आक्षेप उपयोगाचा. बोध नसेल तर वाचन व्यर्थ, असे मानणाऱ्यांनी पुन्हा भैरवगढास जावे. तेथील छिपे लाकडी ठशाने कापडावर एकच फूल ओळीने उमटवितात. कापडास ते शोभते. आपल्या बोधकथांतील मुलीही तशाच एका ठशाच्या : शांत, आज्ञाधारक, निरुत्तर. अशी मुलगी कोणत्या घरात असते? खरी मुलगी रुसते, चुकते, परीक्षेत कमी गुण मिळविते आणि पुन्हा उभी राहते. तशीच एखादी पुस्तकात भेटली, की आपण एकट्या नाही, हे तिला कळते. तो आनंद हाच तिचा लाभ. त्यावर बोधाचे लेबल कशाला?

यास्तव देवस्थानांच्या विश्वस्तांस नम्र परंतु स्पष्ट सूचना आहे. येत्या नवरात्रात कुमारिकांचे पूजन करून आपण त्यांच्या पायांवर पाणी घालू. त्याबरोबर प्रत्येकीस एक कादंबरीही द्यावी, आणि ती तिने स्वतः निवडलेली असावी.