दार उघडण्याआधी, धडक दिल्यानंतर

आपल्या शहरांत आज सायकल कोण चालवतो, हे पाहायचे असेल तर फजरच्या सुमारास मुंबईत एखाद्या बेकरीजवळ किंवा पाळी सुटण्याच्या वेळी भिवंडी-मालेगावात लूमच्या कारखान्याबाहेर उभे राहावे. पावाचे पोते कॅरियरला बांधून निघालेला पाववाला दिसेल, रात्रपाळी करून घरी परतणारा कारागीर दिसेल, दुधाच्या किटल्या लटकवलेला भय्या दिसेल, चहाची किटली घेऊन पेढीवर जाणारा पोऱ्या दिसेल. हौसेने आणि तब्येतीसाठी सायकल चालवणारेही आहेत आणि ते वाढत आहेत. पण आपल्या मोहल्ल्यात सायकल अजून रोजीचे साधन आहे. अशा माणसाला रस्त्यावर दोन बाजूंनी धोका असतो. एक उभ्या मोटारीकडून आणि दुसरा धडक देऊन पळणाऱ्या मोटारीकडून. या महिन्यात आम्ही या दोन्हींविषयी लिहीत आहोत.

आधी उभ्या मोटारीचे पाहू. सायकलवाल्याला सगळे सांगतात, डावीकडून चाल. तो डावीकडून चालतो. डाव्या कडेला मोटारी, टेम्पो, टॅक्स्या उभ्या असतात. म्हणजे त्यांच्या उजव्या दारांना घासून जाणारी चिंचोळी पट्टीच त्याच्या वाट्याला येते. त्यातच चालकाने मागे न पाहता दार उघडले की खेळ संपला. ताशी पंधरा किलोमीटर हा सायकलचा साधा वेग आहे. या वेगाने सायकल एका सेकंदात चार मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. पूर्ण उघडलेले दार सुमारे मीटरभर रस्ता अडवते. दार दोन-तीन मीटरवर असताना उघडले तर ब्रेकवर बोटे आवळण्याआधीच माणूस त्यावर आदळलेला असतो. तो अंग चोरून उजवीकडे वळला तर मागून बस किंवा डंपर येत असतो. दाराच्या धडकेने एखादे वेळी हातपाय मोडून निभावेल, मागचे चाक मात्र जीव घेते. आणि दार उघडणारा सहज म्हणतो, “मी तर गाडी उभी केली होती, माझा काय दोष?”

टॅक्सी रस्त्याच्या मध्येच थांबते तेव्हा हाच धोका डाव्या दाराकडून येतो. उतरणारी बाई कडेवरचे मूल आणि हातातली पिशवी सांभाळत असते, मागे कोण येत आहे हे तिला दिसत नाही. रिक्षाला दार नसते, पण उजव्या बाजूने उडी मारून उतरणारा मुलगाही तितकाच धोका निर्माण करतो.

यावर एक उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. दाराजवळच्या हाताने दार उघडू नये, लांबच्या हाताने उघडावे. उजव्या दाराशी बसलेल्याने डावा हात वापरावा, डाव्या दाराशी बसलेल्याने उजवा. तसे केले की खांदे आपोआप वळतात, मान वळते आणि मागचा रस्ता डोळ्यांना दिसतो. ही सवय हॉलंडच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमध्ये आपल्यासारखेच उजव्या बाजूचे स्टिअरिंग असते. तेथील रस्त्याच्या नियमपुस्तिकेत २०२२ पासून ही पद्धत सांगितलेली आहे. आपल्याकडे कोणी सांगण्याची वाट कशाला पाहायची? मुलांना जसे आपण उजव्या हाताने जेवायला शिकवतो, तसे लांबच्या हाताने दार उघडायला शिकवावे. चार-आठ दिवस टोकावे लागेल, मग अंगवळणी पडेल.

सायकल चालवणाऱ्यानेही उभ्या गाड्यांपासून दारभर अंतर ठेवावे, मग मागचा हॉर्न वाजवो की ओरडो. गाडीच्या मागच्या काचेतून आत डोके दिसते का, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, हे पाहावे. मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी असावीच. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सायकलवाल्याची सावधगिरी त्याच्या जिवासाठी आहे. दार उघडणाऱ्याची जबाबदारी तिने कमी होत नाही.

आता दुसऱ्या धोक्याकडे येऊ. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर इंटेलच्या भारतातील शाखेचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकलवर असताना टॅक्सीच्या धडकेने मरण पावले. संगणकाच्या चिप घडवणारा मोठा माणूस होता, म्हणून देशभर बातमी झाली. पाववाल्याची बातमी होत नाही. त्याची वाकलेली सायकल चौकीच्या भिंतीला टेकून गंजत राहते.

धडक झाल्यावर काय करायचे, हे मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात लिहिलेले आहे. चालकाने जखमीला औषधोपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचे. न केल्यास शिक्षा आहे. नव्या न्याय संहितेत तर न कळवता पळणाऱ्याला, माणूस दगावल्यास, दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण चालकही आपल्याच घरातले आहेत. कितीतरी वाचकांच्या घरी कोणी टॅक्सी चालवतो, कोणी टेम्पो, कोणी ट्रक. ते म्हणतात, “थांबलो तर लोक मारून टाकतील.” ही भीती खोटी नाही. कायद्यालाही ती ठाऊक आहे. जमावाच्या संतापामुळे थांबणे शक्य नसेल, तर १३४ वे कलम तेवढी सवलत देते. पण ही सवलत घरी जाऊन गाडी ताडपत्रीखाली झाकण्यासाठी नाही. गाडी थेट चौकीवर न्यावी, वाटेतच ११२ वर फोन लावून ठिकाण सांगावे. रक्त वाहणाऱ्या माणसासाठी पहिला तास फार मोलाचा असतो, आणि पळणारा तोच तास घेऊन पळतो. आपल्या दीनमध्ये बंद्यांचे हक, हुकूकुल इबाद, ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. रस्त्यावर टाकून आलेल्या माणसाकडे माफी मागायला मग कुठे जाणार?

बघ्यांनीही एक लक्षात ठेवावे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर खटला होत नाही. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. १३४-अ हे कलम २०१९ मध्ये यासाठीच घातले गेले. हात चालकाला मारण्यासाठी उचलण्याऐवजी जखमीला उचलण्यासाठी लागले, तर थांबण्याची भीतीही कमी होईल.

शेवटी, ज्या घरावर ही वेळ येते त्या घरासाठी. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत मोटार अपघातातील जखमीवर नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होतात. दवाखान्यात पोचताच ही योजना विचारावी. गाडीचा नंबर मिळाला असेल तर अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून चाळीसाव्याची वाट पाहत कागद अडकवून ठेवू नयेत. गाडी उभी होती, असे म्हणून कोणी दाव्याला उडवून लावले तर घाबरू नये. पुणे-बंगळूर रस्त्यावर उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले आहे की, वाहन हलत नसले तरी त्याचा ‘वापर’ चालू असू शकतो. दाराच्या धडकेतही वकिलाला हे सांगावे.

गाडी सापडलीच नाही तरी दार बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. अपघात घडला त्या भागातील महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात, अर्ज द्यायचा. सोबत एफआयआर, शवविच्छेदनाचा किंवा जखमेचा अहवाल, ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक जोडायचे. हा हक किती थोडे लोक मागतात, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांवरून दिसते. २०२२ मध्ये देशात धडक देऊन पळण्याचे ६७ हजारांहून अधिक अपघात झाले आणि २०२२-२३ या वर्षात अर्ज आले अवघे २०५. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की, महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी द्यावी. पोलिसांनी दिली नाही तर आपण मागावी.

दोन लाखांत कमावता माणूस परत येत नाही, हे आम्हाला कळते. पण इद्दतीत बसलेल्या बाईसाठी, शाळेची फी थकलेल्या मुलांसाठी ती रक्कम थोडी नाही. आपल्या गल्लीत असे घर असेल तर पुरसा द्यायला जाताना एफआयआरची नक्कल काढली का, हेही विचारावे. घरात कागदपत्रे वाचता येणारा कोणी नसेल तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलाने त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात एक दिवस घालवावा.