संशोधन केंद्रांना पाचच वर्षे का? विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांना खुले पत्र

माननीय सचिव महोदय,

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या विभागाच्या आंतरविद्याशाखीय सायबर-फिजिकल प्रणाली मिशनला पाच वर्षांसाठी ३,६६० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून देशभरात २५ तंत्रज्ञान हब उभे राहिले. पुण्याच्या आयसरमधला क्वांटम तंत्रज्ञानाचा हब आणि आयआयटी मुंबईतला इंटरनेट ऑफ थिंग्जचा हब त्यांतलेच. वेगवेगळ्या शाखांच्या माणसांना एकाच प्रश्नाला जुंपण्याची ही कल्पना मला मनापासून पटते. माझी हरकत आहे ती पाच वर्षांच्या मुदतीला आणि त्यानंतर हबने स्वतःच्या कमाईवर चालावे या अपेक्षेला. ही हरकत सिल्वासातून नोंदवतो आहे, कारण सरकारने मनात आणले तर किती धीर धरता येतो, हे या गावाने पाहिले आहे.

सिल्वासा ज्यात येते ती दादरा-नगर हवेली आयकर कायद्याच्या आठव्या अनुसूचीत औद्योगिकदृष्ट्या मागास प्रदेश म्हणून नोंदलेली होती. कलम ८०-आयबीखाली इथल्या नव्या कारखान्याच्या नफ्याला पहिली पाच वर्षे पूर्ण करमाफी होती आणि पुढची पाच वर्षे अंशतः. विक्रीकराची सवलत वेगळीच. त्या बळावर मसाट, रखोली, खडोली, नरोली, दादरा या भागांत पॉलिएस्टर सुताचे आणि प्लास्टिकचे कारखाने आले, हजारो हातांना काम मिळाले. पण धाग्याला उष्णता आणि पीळ देऊन फुगवण्याचे, म्हणजे टेक्स्चरायझिंगचे, तंत्र त्याआधीच सिद्ध झालेले होते. यंत्रे आणायची, वीज जोडायची, माल काढायचा. इतक्या ठरलेल्या कामाला दहा वर्षांचा आधार देणारे सरकार, जिथे उत्तर सापडेल की नाही हेच ठाऊक नसते त्या कामाला त्याच्या निम्मा वेळ देते. हा हिशेब मला समजत नाही.

मोठी मुदत दिली की संस्था सुस्तावतात, असे आपले अधिकारी म्हणतील, आणि ही भीती खोटी नाही. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८५ पासून अभियांत्रिकी संशोधन केंद्रे चालवताना तिला उत्तर शोधले: आधार साधारण दहा वर्षांचा, पण तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी कडक परीक्षा, नापास केंद्राचा पैसा बंद. शिस्त परीक्षेने येते, त्यासाठी मुदत तोडावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फायदा उद्योगांना होणार, तर खर्चही त्यांनीच करावा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींत सरकारचे १४,००० कोटीच धरले आहेत. उरलेले बहुतांश उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. मोठ्या कंपन्या देतीलही, पण त्यांना हव्या त्या विषयांसाठी. टेक्स्चरायझिंगच्या शेडमध्ये हीटरवर तापणाऱ्या तेलाचा धूर, यंत्रांचा कान फोडणारा आवाज, विजेचा खप हे प्रश्न सोडवायला पॉलिमरचा रसायनतज्ज्ञ, यंत्र अभियंता, सेन्सरचा जाणकार आणि कामगारांची फुप्फुसे तपासणारा डॉक्टर एकत्र लागतात. लहान शेडमालकाला हे परवडत नाही. दमणगंगा नदीचा तर कोणीच मालक नाही. नाशिककडच्या डोंगरांतून येऊन ती सिल्वासा आणि वापी ओलांडून दमणला समुद्राला मिळते, आणि त्यातली वापी २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातली दुसरी सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक वसाहत ठरली होती. नदीकाठच्या वारली आणि धोडिया वस्त्यांसाठी कोणती कंपनी संशोधनाची वर्गणी भरणार आहे?

सिल्वासात अशा कामाची कुवत नाही, असेही म्हटले जाईल. पूर्ण केंद्र चालवण्याची नाही, हे खरे आहे. पण इथल्याच, दादरा-नगर हवेलीतल्या कराडला सरकारी पॉलिटेक्निक आहे, २०१९ पासून नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि प्रश्न तर दाराशीच आहेत. म्हणून दोन मागण्या करतो. हबांचा आधार दहा वर्षांचा करून तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी त्यांची खुली परीक्षा घ्यावी, निकाल प्रसिद्ध करावा. आणि मुंबई किंवा पुण्याच्या एका हबाला सिल्वासा-वापी पट्ट्यात कायमची शाखा उघडायला सांगावी, जिच्या कामाचा पहिला विषय दमणगंगेचे पाणी असेल.

आपला,
सिल्वासाचा एक नागरिक