तिकीट घाऊक घ्यावं की किरकोळ?

मैत्रिणींनो, दिवाळीचे कंदील उतरले की बऱ्याच घरांत पुढच्या सुटीचा विषय निघतो. या वर्षी दक्षिण करायची, असं ठरतं. भिशीचे पैसे त्यासाठीच बाजूला पडलेले असतात. मग कुणीतरी सांगतं, "अहो, सुटी सुटी तिकिटं कशाला काढता? सगळ्या प्रवासाचं एकच तिकीट मिळतं, स्वस्त पडतं!" सांगणारा निघून जातो आणि हिशेब आपल्या गळ्यात येतो. तो हिशेब आज मांडू या.

परदेशात पास काढून आठ-पंधरा दिवस हव्या त्या गाडीत बसता येतं, तसला पास आपल्याकडे लांबच्या गाड्यांना नाही. इंडरेल पास नावाचा एक होता, पण तो परदेशी पाहुण्यांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठी. तोही बंद झाला. तुमच्या-आमच्यासाठी आहे ते चक्राकार तिकीट. खिडकीवर त्याला सर्क्युलर जर्नी तिकीट म्हणतात. ज्या स्टेशनावरून निघायचं तिथेच परत यायचं, आणि वाटेत जास्तीत जास्त ८ ठिकाणी उतरायचं, अशी त्याची रीत.

ते स्वस्त का पडतं? तांदूळ किलो-किलोने आणला तर एक भाव आणि कट्टा आणला तर दुसरा, तसंच रेल्वेचं आहे. अंतर वाढत जातं तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. सुट्या तिकिटांत प्रत्येक टप्प्याला पहिल्या, महागड्या किलोमीटरपासून सुरुवात होते. चक्राकार तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि त्या अंतराची दोन भाडी घेतात.

एक उदाहरण घेऊ. मुंबईहून बंगळूर, चेन्नई, तिरुचिरापल्ली, मदुराई, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, मडगाव आणि परत मुंबई. बरोबर ८ मुक्काम. अंतर ४,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अर्धं २,०००. आता मुंबई ते हावडा, नागपूरमार्गे, जवळजवळ तेवढंच अंतर आहे. त्या गाडीचं तुम्हाला हव्या त्या वर्गाचं भाडं बघा आणि दुप्पट करा. ऑफिसात न जाता घरबसल्या अंदाज हाती आला की नाही? कोकण रेल्वेवर मात्र प्रत्यक्ष अंतरापेक्षा जास्त किलोमीटर धरून भाडं लावतात, म्हणून ऑफिसचा आकडा आपल्यापेक्षा थोडा चढा येईल.

वहीच्या दुसऱ्या पानावर नऊही टप्प्यांची सुटी भाडी लिहा. रिझर्वेशनचा आणि सुपरफास्टचा आकार दोन्हींकडे टप्प्याटप्प्याला लागतोच, तो सरळ वगळा. सुट्या तिकिटांची एक खोच ध्यानात ठेवा. स्लीपरला कमीत कमी २०० किलोमीटरचं भाडं पडतं, वातानुकूलित थ्री टायरला ३०० चं. कन्याकुमारी ते तिरुवनंतपुरम जेमतेम ९० किलोमीटर! तिथे स्लीपर काढणं म्हणजे दुप्पट पैसे मोजणं. तसल्या टप्प्याला दिवसाची साधी सेकंड क्लासची गाडी धरा आणि मगच बेरीज करा, नाहीतर चक्राकार तिकीट उगाच फार स्वस्त दिसेल.

आता पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट. चक्राकार तिकीट म्हणजे भाडं भरल्याची पावती; बर्थ नव्हे! आधी विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या कार्यालयात प्रवासाचा मार्ग लिहून द्यायचा, ते भाडं काढून देतात, मग बुकिंगच्या खिडकीवर तिकीट, आणि ते घेऊन रिझर्वेशनच्या खिडकीवर प्रत्येक टप्प्याची वेगळी जागा. रिझर्वेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यातली तिकिटं उघडताच संपतात, हे काय मी सांगायला हवं? भाडं भरून झालं आणि मदुराईपुढे जागाच नाही, तर दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन आपण काय करणार? वाचवलेले पैसे टॅक्सीवाला घेऊन जाईल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलांच्या शाळा सांभाळून मे महिन्यातच निघायचं असेल, तर सुटी तिकिटं काढा, चार पैसे जास्त गेले तरी. एखादा टप्पा जमला नाही तर तेवढाच रद्द होतो. घरी कुणी तापाने पडलं, बेत अर्ध्यावर सोडावा लागला, तरी पुढची तिकिटं वेळेत रद्द करून काही पैसे परत मिळतात. चक्राकार तिकिटाला मुदत असते, मार्गही ठरलेला. ते शोभतं निवृत्त जोडप्याला, किंवा ऑगस्टात नाहीतर जानेवारीत निघणाऱ्या चार मैत्रिणींना. पण ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती धरून हिशेब करू नका. अजूनही पुष्कळजणी धरतात.

एकाच दिशेला जाऊन त्याच वाटेने परतायचं असेल तर चक्राचा प्रश्नच नाही. तिथे वेगळी सोय आहे. साध्या तिकिटावर ५०० किलोमीटर गेल्यानंतर वाटेत एकदा उतरून दोन दिवस राहता येतं. प्रवास १,००० च्या वर असेल तर दोनदा. तिकीट काढतानाच खिडकीवर तसं सांगावं लागतं. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांत हा मुक्काम चालत नाही.

आणि मुंबईत बहिणीकडे आठवडाभर राहायला जाणाऱ्यांसाठी लोकलचं टुरिस्ट तिकीट असतं, १, ३ किंवा ५ दिवसांचं. लोकलच्या सेकंड क्लासचं भाडं मुळातच इतकं कमी, की दिवसभर इकडून तिकडे धावलात तरच ते वसूल होईल. राणीची बाग आणि दादरची खरेदी एवढाच बेत असेल तर साधं तिकीट पुरे. रांगेत उभं राहायचा कंटाळा असेल तर गोष्ट वेगळी.

चक्राकार तिकिटाचा अर्ज द्यायला जाल तेव्हा उतरायची ठिकाणं क्रमाने, तारखांसह लिहून न्या. रिझर्वेशनच्या कागदावर प्रत्येक टप्प्याची गाडी आणि तिच्या खाली दुसरी, पर्यायी गाडी. आणि वय लिहायला लाजू नका. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना, शिल्लक असला तर, खालचा बर्थ देतात.