बोटीची सहल: आधी बंदरे, मग केबिन

मैत्रिणींनो, मुलगा-सून अमेरिकेत असले की हल्ली बेत ठरतो तो बोटीच्या सहलीचा. व्याही-विहीण, दीर-जाऊ, नातवंडे, सगळे एकत्र! पण पैसे भरण्याआधी बोट कुठे कुठे थांबते ते विचारून घ्या बरं.

अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परक्या देशाचा झेंडा असलेल्या बोटीला नुसत्या अमेरिकन बंदरांतून उतारू फिरवता येत नाहीत. वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते. आणि बहुतेक मोठ्या बोटी परक्या झेंड्याच्याच! म्हणून सिअ‍ॅटलहून सात दिवसांत अलास्का दाखवणारी बोट काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. अमेरिकन पासपोर्टच्या नातवाला त्यासाठी व्हिसा नको, भारतीय पासपोर्टच्या आजीला मात्र कॅनडाचा हवा.

कॅलिफोर्नियाहून हवाई बेटे करायची तर दोन आठवडे मोडतात. जाता-येता चार-चार दिवस नुसते पाणीच. नोकरदार सुनेला एवढी रजा कुठली? त्यापेक्षा होनोलुलूहून अमेरिकन झेंड्याची बोट सात दिवसांत बेटे दाखवून आणते. परक्या बंदराची भानगडच नाही. तिथवर विमानभाडे तेवढे धरा.

तेव्हा वहीत दोन रकाने आखा: पासपोर्ट कुठला आणि रजा किती. ज्याची रजा सर्वांत कमी नि ज्याचा व्हिसा अवघड, त्यांच्या सोयीने सहल ठरवा. नाहीतर जिच्यासाठी एवढा घाट घातला, ती आजीच धक्क्यावर राहायची!