‘औदुंबर’मधील डोह

बालकवींच्या ‘औदुंबर’ या अवघ्या आठ ओळींच्या कवितेवर मराठीत जेवढे लिहिले गेले, तेवढे एखाद्या खंडकाव्याच्याही वाट्याला क्वचितच आले असेल. त्या लेखनातून एक समीकरण वर्गावर्गांत स्थिरावले आहे : पायवाट म्हणजे जीवन, डोह म्हणजे मृत्यू आणि पाण्याशी बसलेले झाड म्हणजे या दोहोंकडे पाहणारा विरक्त. वयाची २८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १९१८ साली, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली कवीचा अंत झाला. त्या घटनेची छायाही या डोहावर नकळत पडते.

हा अन्वयार्थ सर्वस्वी निराधार नाही. आरंभीची निळाई-हिरवाई पुढे काळोखत जाते, हे नाकारता येणार नाही. परंतु समीकरण हाती आले की विद्यार्थी कविता वाचणेच थांबवतो. खेड्यातील पायवाट डोहाकडे का जाते? खानदेशातील ओढ्यांची धार उन्हाळ्यात आटते आणि पाणी उरते ते डोहात. गुरे, घागरी, धुणी तिकडेच जातात. हिरव्या कुरणातून वाट पांढरी दिसते, कारण ती पावलांनी मळलेली आहे. कवितेत एकही माणूस दिसत नाही. माणसांची खूण उरते ती घरांत, शेतांत आणि या वाटेत. ती वाट मृत्यूकडे वळवताना समीक्षक गावाचा पाणवठाच पुसून टाकतो.

शिवाय डोहावरील काळिम्याला कवीने ‘गोड’ म्हटले आहे. मृत्यूवादी वाचनाला हे विशेषण पेलत नाही. मग मृत्यूच गोड, अशी पळवाट काढली जाते. उन्हातून आलेल्याला पाण्यावरची गर्द सावली गोड वाटते, एवढा साधा अनुभव येथे पुरेसा ठरावा.

राहिला औदुंबर. उंबर न म्हणता औदुंबर म्हणताना दत्तसंप्रदायाचे वलय कवीला ठाऊक असणारच. तथापि हे झाड मुळातच ओढ्याकाठी, ओलाव्याला वाढणारे. आणि पाण्यात पाय सोडून बसणे हा संन्याशाचा नव्हे, निवांत पोराचा ढंग आहे. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो; बसतो तो फक्त औदुंबर. त्याच्याआधी आलेला ‘असला’ हा शब्द पुष्कळदा पादपूरक म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो बोट दाखवणारा शब्द आहे : समोर पाहून ‘हा असा’ म्हणणारा.