हंसांसाठी कायदा झाला, आपल्या पोरांसाठी कधी?

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या दोन-तीन ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. अमेरिकेतला एक गडी बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या घरच्या घरी ओतायला लागणारं सामान स्वस्तात कसं जमवायचं ते दाखवतोय. खाली आपल्या लोकांचं "लय भारी जुगाड" चालू.

बाबांनो, विनापरवाना काडतुसं बनवणं आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ते डोक्यातून काढा. मला बोलायचंय वेगळ्याच गोष्टीवर. हा जुगाड आपल्या तालुक्यात कधीपासून चालू आहे. फक्त आपली गोळी बंदुकीची नाही, जाळ्याची आहे.

धरणकाठच्या वस्तीवर कधी गेलात का? पाग टाकला की तो तळाला बसायला कडेला शिशाच्या गोळ्या लागतात. तयार घ्यायच्या तर पैसे मोजा. मग भंगारातून शिसं, घरातली फुटकी कढई, जुना डाव, चूल आणि लेथवाल्याकडून करून घेतलेला साचा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीला ते काहीच नाही. झालं सामान. अमेरिकेतल्या गड्याचा तो छंद आहे, त्याच्याकडे वेगळी शेड असेल, हातमोजे असतील. इथे मी पाहिलं ते असं: कढई अंगणात, बाप ओततोय आणि दोन वर्षांचं पोर गार झालेल्या गोळ्यांशी खेळतंय. त्यातली एक तोंडात.

लोकांना वाटतं धूर लागला नाही म्हणजे झालं. खरा घात धुरापेक्षा वर येणाऱ्या राखेसारख्या सायीत आहे. ती डावाने काढून तिथेच आपटतात. तिची पूड अंगणात, मग पोराच्या हाताला, मग तोंडात. मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शिसं लहान मुलाचं शरीर शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त, आणि आपल्याकडच्या पोरांच्या अंगात लोह किती असतं ते अंगणवाडीताईंना विचारा. शिसं हाडात जाऊन बसतं, मेंदूवर परिणाम करतं. "पोरगं अभ्यासात मंद आहे" म्हणून आपण मोकळे. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसं असल्याचा अंदाज आहे.

हे शिसं येतं कुठून? बऱ्याचदा तुमच्या-माझ्या इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतून. दुकानदार बदल्यात कमी पैसे देतो, भंगारवाला शे-दोनशे जास्त देतो, आपण खूश. तो बॅटरी फोडतो, ॲसिड गटारात, प्लेटा भट्टीत. हे चालू नये म्हणून २००१ साली नियम झाले, २०२२ साली आणखी कडक नवे नियम आले. मी त्याबद्दल एका कार्यालयात विचारलं तर "हे आमच्याकडे येत नाही". दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवलं. रक्तातलं शिसं तपासायची सोय आहे का, हे दवाखान्यात विचारलं तर तिथले लोक माझ्याच तोंडाकडे बघत राहिले.

आता काहीजण म्हणतील, पत्रकार गरिबाच्या पोटावर उठला. उलट आहे. उद्या धाड घाला असं मी म्हणतच नाही, कारण धाड पडेल ती कढईवर. ट्रकभर बॅटऱ्या उचलणारा सुटेल, त्याचे फ्लेक्स आपल्याच चौकात लागतात. मासेमाराला सुतावर, जाळ्यावर अनुदान देता ना? मग बिनशिशाची वजनंही त्यात द्या. भाजलेल्या मातीच्या गोळ्या हडप्पाकाळापासून जाळ्याला लावल्या जायच्या. माती हलकी पडते, पाग तसा पटकन बसत नाही, ही जुन्या लोकांची तक्रार खरी आहे. तेवढ्यासाठीच तर मत्स्य विभाग, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, काढा तोडगा.

ब्रिटनमध्ये गळाला लावायच्या लहान शिशांवर १९८७ साली बंदी आली. का? ती गिळून नदीतले हंस मरत होते म्हणून. हंस! तिथल्या सरकारला पाखरू दिसलं, आपल्याला अंगणातलं पोर दिसत नाही.

येत्या सोमवारी अकरा वाजता तहसीलदारांना निवेदन देतोय. मागण्या दोनच: वस्तीवरच्या सहा वर्षांखालच्या मुलांची रक्ततपासणी आणि जुन्या बॅटऱ्या कुठे जातात त्याचा हिशोब. ज्यांना जमेल त्यांनी या.

आणि वस्तीवरच्या भावांनो, तोवर एवढं करा. ओतायची कढई परत स्वयंपाकाला घेऊ नका. ओतताना पोरांना लांब ठेवा. ती साय उकिरड्यावर टाकू नका, झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. अंगण कोरडं झाडू नका, पाणी मारून घ्या. भाकरीला हात लावायच्या आधी साबणाने धुवा आणि ओतलेले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.